मशिदीच्या सज्जातून जगाकडे

आमच्या लहानपणी शब्बाथला मशिदीत गेलो, की वडील खाली तेबाजवळ बसत आणि आई व आजी वर सज्जात. प्रार्थना सगळ्यांचीच होती, पण मिन्यानच्या दहांत आईची गणती नव्हती. तेव्हा आम्हाला यात काही वावगे वाटले नाही. आपल्याच समाजातल्या दोन स्त्रियांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

रिबेका रूबेन 1889 मध्ये जन्मल्या आणि जेरुशा झिराड 1890 मध्ये. दोघींचे जन्मगाव शिमोगा, आणि दोघींची शाळा पुण्याची हुजूरपागा. रिबेकाबाई 1905 च्या मॅट्रिकमध्ये मुलींत पहिल्या आल्या. पुढे त्या विलायतेस गेल्या आणि केंब्रिजमध्ये इस्रायल अब्राहम्स यांच्याकडे हिब्रू शिकल्या. हिब्रू मुलग्यांनी शिकायची, मुलींनी ऐकायची, असा तो काळ होता. परत आल्यावर 1917 पासून त्यांनी बेने इस्रायल वार्षिक संपादित केले. 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे त्या मुंबईत आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये सुरू केलेली हीच शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली.

जेरुशाबाईंनी ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1912 मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. 1919 मध्ये त्या लंडनच्या एम.डी. झाल्या.

लंडनमध्ये त्यांचा उदारमतवादी यहुदी चळवळीशी संबंध आला. या चळवळीच्या पुढारी होत्या लिली माँटेग्यू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण शाळेत पाठ केल्या, त्या हिंदमंत्री माँटेग्यूंच्या या भगिनी. घर कर्मठ असूनही त्यांनी 1902 मध्ये लंडनला ज्यूइश रिलिजस युनियन स्थापण्यात पुढाकार घेतला. 1926 मध्ये प्रागतिक यहुदी धर्माची जागतिक संघटना उभी राहिली, ती मुख्यतः त्यांच्याच खटपटीने. 1928 मध्ये बर्लिनच्या प्रार्थनामंदिरात स्त्रीने प्रवचन दिले, ते त्यांनीच.

1925 मध्ये जेरुशाबाईंच्या पुढाकाराने मुंबईतही ज्यूइश रिलिजस युनियन निघाली. तिच्या रोदेफ शालोम प्रार्थनालयात स्त्रीपुरुष एकत्र बसू लागले. सज्जा आणि खालचा मजला यांतले अंतर तिथे मिटले.

हे खूळ विलायतेहून आले, असे कोणी म्हणेल. तारखा वेगळे सांगतात. जेरुशाबाईंच्या प्रेरणेने आपले स्त्री मंडळ निघाले ते 1913 मध्ये, आणि त्या लंडनला गेल्या 1914 मध्ये. म्हणजे विचार इथलाच होता. परदेशात त्याला सोबत मिळाली.

त्यांचा धर्म प्रार्थनेपुरता नव्हता. 1928 मध्ये त्या कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय प्रमुख झाल्या आणि 1947 पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी मुंबईत पाहणी केली. तिचा अहवाल 1941 मध्ये छापला गेला. पुढे दहा वर्षे त्या भारतातील स्त्री डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण त्यांना मोठ्या डॉक्टर म्हणून आणि रिबेकाबाईंना मोठ्या शिक्षिका म्हणून आठवतो. पण मशिदीत स्त्रीची जागा कोणती, हा जेरुशाबाईंचा प्रश्न, आणि मुलीने तोरा मुळातून का वाचू नये, हा रिबेकाबाईंच्या शिक्षणातून उभा राहणारा प्रश्न, दोन्ही आपण सोयीने बाजूला ठेवले. धर्म सोडून समता मागणे एक वेळ सोपे. या दोघी धर्मातच राहिल्या.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या आई, मावश्या, आत्या स्त्री मंडळात होत्या. त्यांचे फोटो, पत्रे, आठवणी घरात असतील. आपण आहोत तोवर त्या लिहून काढू या. नातींना आपली वंशावळ सांगताना सज्जातल्या बायकांचीही नावे सांगता आली पाहिजेत.