थेंबामागचा इतिहास: जुना कार्बोरेटर का गळतो?

मे महिना, वर्धा, पारा 45 अंशांच्या आसपास. जुनी फियाट सावलीत लावली आणि दहा मिनिटांनी पेट्रोलचा वास आला. पीएचडीत मी इंधनांवर काम करते, म्हणून लोक विचारतात: हे गळतंय कुठून?

उत्तरासाठी 1893 मध्ये जाऊ. विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत फ्लोटचा कार्बोरेटर बनवला. तत्त्व तुमच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकचंच. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. सुई झिजली, तिच्यात कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडलं, की पेट्रोल बाहेर सांडतं.

आता त्यात इंधनही बदललंय. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा आपल्याकडे 1948 मध्ये झाला होता. इथेनॉल-मिश्रणाचा कार्यक्रम मात्र 2003 मध्ये 5 टक्क्यांनी सुरू झाला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचला. इथेनॉलने जुनं रबर, कॉर्क फुगतं. टाकीतला गाळ सुटून थेट सुईपर्यंत येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनत होती, तेव्हा तिचे वायसर या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते.

मग ओळखायचं कसं? इंजिन थंड असतानाही गळत असेल, तर सुई, फ्लोट, वायसर तपासा. गरम इंजिन बंद केल्यावरच गळत असेल, तर खालच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतंय. काहीही असो, वास येत असताना सेल्फ मारू नका. एक ठिणगी पुरते.