एकशे सहा वर्षांची सोबत

८ मे २०१८ रोजी अमेरिकेत एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. त्यावर दोन संस्थांची नावे होती : ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ आणि सॉल्ट लेक सिटी येथील ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखते ती मंडळी. ३१ डिसेंबर २०१९ रोजी आपला बालवीर चळवळीशी असलेला संबंध संपेल आणि पुढे आपल्या मुलांसाठी आपलाच कार्यक्रम राहील, असे मंडळीने जाहीर केले. भाषा सौजन्याची होती. पण एकशे सहा वर्षांची सोबत सुटत होती.

मॉर्मनांचा बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा ग्राह्य मानीत नाही. रोमने २००१ मध्ये तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. तथापि मुलांना श्रद्धेत कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांनाही आपल्याइतकाच छळतो. म्हणून ही हकीकत आपल्या धर्मग्रामांतील आईवडिलांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

मॉर्मन लोक एकेकाळी स्वदेशातच परके होते. बहुपत्नीत्वाच्या प्रथेवरून त्यांचा सरकारशी दीर्घ झगडा चालला. १८९० मध्ये त्यांनी ती प्रथा सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. त्यानंतरही रीड स्मूट या मॉर्मन सिनेटरला आसनावर राहू द्यावे की नाही, याची चौकशी १९०४ पासून १९०७ पर्यंत रेंगाळली. अशा काळात, १९१० मध्ये, अमेरिकेत बालवीर संघटना स्थापन झाली. मंडळीने १९११ मध्ये प्रथम आपली स्वतंत्र पथके काढली आणि १९१३ मध्ये ती राष्ट्रीय संघटनेत सामील केली. म्हणजे शतकानंतर जे घडले त्याच्या नेमके उलट! खाकी गणवेश अंगावर चढला की मॉर्मन मुलगा इतर अमेरिकन मुलांसारखाच दिसे. त्या गणवेशाचे मोल मंडळीने ओळखले होते, असे मला वाटते.

पुढे चळवळ मंडळीच्या अंगी इतकी भिनली की दोहोंतील सीमारेषाच पुसली गेली. स्थानिक बिशप पथकनायक नेमी. (त्यांचा बिशप म्हणजे आपले महागुरुस्वामी नव्हेत, नोकरीधंदा सांभाळून स्थानिक मंडळी पाहणारा तो एक गृहस्थ असतो.) ती नेमणूक म्हणजे पाचारणच मानले जाई. ‘ईगल स्काउट’ हा सर्वोच्च दर्जा मिळवणे घराण्याच्या अभिमानाची बाब असे. मंडळीचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन १९६९ पासून बालवीरांच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर होते. जानेवारी २०१८ मध्ये ते निवर्तले आणि चारच महिन्यांनी ते निवेदन निघाले.

वृत्तपत्रांनी कारण एकच सांगितले. बालवीर संघटनेने २०१३ मध्ये समलिंगी मुलांना आणि २०१५ मध्ये समलिंगी नायकांना दार उघडले होते. त्या निर्णयाने मंडळी अस्वस्थ झाली, हे खरेच. तरीही धार्मिक संस्थांना आपले नायक निवडण्याची मुभा असल्याने २०१५ मध्ये ती थांबली. (त्याच वर्षी उत्तर डाकोटातील बिस्मार्क धर्मप्रांताच्या महागुरूंनी संबंध तोडले, इतरत्र बहुतेक कॅथलिक पथके चालू राहिली.) दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते. तोवर मंडळीचे निम्म्याहून अधिक सभासद अमेरिका व कॅनडाबाहेर राहत होते आणि त्यांतील बहुतेकांच्या मुलांना या पथकांचा काहीच लाभ नव्हता. मुलींचीही तीच गत. मुलांच्या पथकांवर पैसा व मनुष्यबळ खर्ची पडे, आणि मुलींच्या वाट्याला त्या मानाने थोडेच येई. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेला नवा कार्यक्रम मुले व मुली दोघांसाठी आणि सर्व देशांसाठी एकच आहे. त्याची चार अंगे – आध्यात्मिक, सामाजिक, शारीरिक व बौद्धिक – लूकच्या शुभवर्तमानातील बाल येशूच्या वाढीच्या वर्णनावर (२:५२) बेतलेली आहेत.

येथे एका येशूसंघीय धर्मगुरूची आठवण होते. फ्रान्समध्ये कॅथलिक मंडळी बालवीर चळवळीकडे संशयाने पाहत असताना फादर जाक सेव्हँ १९१३ मध्येच इंग्लंडला जाऊन बेडन-पॉवेल यांना भेटले. १९२० मध्ये ‘स्काउट्स द फ्रान्स’ स्थापन झाली, ती त्यांच्या पुढाकाराने. त्यांनी चळवळीची पद्धत तशीच घेतली आणि तिच्यावर क्रूसाचे चिन्ह कोरले. रोमकडे त्यांच्याविरुद्ध तक्रारी गेल्या, पद गेले. २०१२ मध्ये मात्र पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात त्यांचे वीरोचित सद्गुण मान्य झाले. चळवळ न सोडता तिला आपले करणे, हा तिसरा मार्ग होता. मॉर्मनांनीही शतकभर तोच चोखाळला होता, हे विसरता कामा नये.

निरोपाची किंमत दोन्हीकडे पडली. मंडळीबरोबर चार लाखांहून अधिक मुले गेली. संघटनेतील जवळजवळ पाचातला एक. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांखाली दबलेल्या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तशात महामारी आली. युटातील तीन प्रादेशिक मंडळे त्याच वर्षी एकत्र करावी लागली. मॉर्मन मुलाला वैयक्तिकरीत्या पथकात जाण्यास आजही आडकाठी नाही. पण आता त्याचे नाव तेथे आपोआप नोंदले जात नाही, आणि शेजारच्या पंथातील मुलाबरोबर तंबू ठोकायचा तर त्याच्या आईवडिलांना ते मुद्दाम ठरवावे लागते.