नायगावचा पाण्याचा हिशेब

स्मरणिका समितीने "सोसायटीच्या २५ वर्षांच्या आठवणी लिहा" असं सांगितलं. आठवणी बरेच जण लिहितील. मी आपल्या सोसायटीच्या जन्माआधीचा थोडा इतिहास लिहितो. तो घडला इथून फार लांब नाही, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात. येत्या वार्षिक सभेपुढे तिसऱ्या बोअरवेलचा ठराव आहे. हात वर करण्याआधी हा इतिहास सगळ्यांना माहीत असावा, एवढाच हेतू.

१९७२ चा दुष्काळ माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेला तो लाल मिलो! त्या काळात पुण्यातले इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरमध्ये फिरले. माणसं दिवसभर खडी फोडत होती, पण त्या घामातून पुढच्या दुष्काळासाठी काहीच उभं राहत नव्हतं. हे त्यांना खटकलं. नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथेच काम मांडलं. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली.

काम दिसायला साधं होतं. उतारावर बांध घातले, त्यामुळे माती थांबली. ओघळ अडवून पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली आणि तिचं पाणी उचलून शेताला दिलं. जिथे पीक येणार नाही तिथे झाडं आणि गवत. यातली एकही गोष्ट सुटी नव्हती. बांध नसते तर तलाव गाळाने भरला असता, आणि तलाव नसता तर विहीर उन्हाळ्यात कोरडी पडली असती. आपण 'साकल्याने विचार' हा शब्द भाषणात वापरतो. नायगावच्या उतारावर तो डोळ्यांनी बघता येत होता.

पण साळुंखे तिथे थांबले नाहीत. पाणी साठलं की ते कुणाचं, हा प्रश्न येतोच. त्यातून 'पाणी पंचायत' निघाली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी स्वतः उचलायचा. पाणी सोडायला गटाचाच पाटकरी.

आता माझी कबुली. त्याच सुमारास मी बँकेत शेतीकर्ज बघत होतो. विहिरीचं कर्ज, मोटारीचं कर्ज, पाइपलाइनचं कर्ज. सात-बारा, जामीनदार, हप्ते, सगळं चोख. शेजारच्या दोन शेतकऱ्यांना वेगवेगळी कर्जं मी स्वतः मंजूर केली. पहिल्याने विहीर खोल केली तेव्हा दुसऱ्याची आटली. मग त्याने आपली आणखी खोल केली. चार वर्षांत दोन्ही कोरड्या आणि दोन्ही खाती थकीत! कागद एकही चुकला नव्हता. आमचं कर्ज विहिरीला मिळायचं. ती भरणाऱ्या डोंगराला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. पुढे एकदा नायगावला जाऊन आलो तेव्हा कळलं, की मी दोन खाती बघत होतो आणि खालचं पाणी मात्र एकच होतं.

पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या असं नाही. कुठे विजेचं बिल परवडेना, कुठे उसाचा मोह आवरेना. विलासराव २००२ मध्ये गेले. पण मला यातही धडाच दिसतो. नियम सुटला की नुसता बांध पुरत नाही.

आता आपल्याकडे या. पहिली बोअरवेल आपण सुरुवातीलाच घेतली, दुसरी तिच्याहून खोल. मधल्या काळात आवारातली माती झाकून पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल नको म्हणून तो ठराव मांडणारा मीच, खजिनदार असताना! गच्चीचं पाणी पाइपने थेट गटारात जातं. उन्हाळ्यात टँकर येतो. तीन खोल्यांच्या फ्लॅटवाल्यांनी जास्त पाणी मागितलं तेव्हा झालेलं भांडण कुणी विसरलं नसेल. त्या दिवशी मागच्या विंगमधल्या एका आजींनी विचारलं होतं, "तहान स्क्वेअर फुटावर लागते का हो?" त्यांनी नायगावचं नाव ऐकलं नसेल, पण नियम तोच सांगितला.

म्हणून माझी विनंती. तिसरी बोअरवेल घ्यायची की नाही हे सभेने ठरवावं. पण त्याआधी चार गोष्टी एकाच कागदावर मांडू: गच्चीचं पाणी कुठे जातं, आवारात माती किती मोकळी आहे, कोणत्या घरात किती माणसं आहेत, आणि टँकरवर किती खर्च होतो. हिशेब जुळवायला मी बसतो. या वयात दुसरं काय येतं मला? आणि पार्किंगमागचे पेव्हर ब्लॉक उखडून शोषखड्डा करायचा ठरला, तर पहिला ब्लॉक मी काढीन. तो बसवला मीच होता.