ठासणीची बंदूक: जोडावी की घडवावी?

देहू म्हटले म्हणजे इंद्रायणीचा घाट, टाळांचा नाद आणि बीजेची गर्दी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तेथे बंदुकीचे नाव काढणे म्हणजे देवघरात चामड्याची चप्पल घालून शिरण्यासारखे वाटेल. पण खुद्द तुकोबांनीच पाइकीचे अभंग रचले आहेत, आणि त्या अभंगांतला पाईक बाणांबरोबर गोळ्यांचाही भडिमार सोसतो. तुकोबांचे निर्वाण १६५० मधले. म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात देहूच्या वाण्याला बंदुकीची गोळी ही दृष्टान्तात घालण्याइतकी ओळखीची वस्तू होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच गावाच्या नावाने देहूरोडला लष्करी सामानाचे मोठे कोठार झाले, आणि १९८४ मध्ये तेथे कारखाना निघाला तो संकेताचे दिवे आणि धुराची नळकांडी करणारा. दारू आणि देहू यांचे नाते असे जुने आहे.

म्हणून या पट्ट्यातल्या एखाद्या तरुणाने विचारले की, ‘ठासणीची जुन्या घडणीची बंदूक सुटे भाग आणून घरी जोडावी काय?’ तर मला त्याचे नवल वाटत नाही. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत लेथवर हात बसलेली मुले आहेत. सुताएवढ्या फरकानेही ज्यांचे काम नापास होते, त्यांना चार हात लांबीच्या लोखंडी नळीचे काय भय वाटणार? शिवाय अमेरिकेत अशा बंदुकीचा संच टपालाने घरपोच येतो, हे त्यांनी ऐकलेले असते. तेथे अठराव्या शतकात पेनसिल्व्हानियात वसलेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली, आणि तिचा अभिमान त्या लोकांना आपल्या भवानी तलवारीसारखा आहे. १९३३ पासून ठासणीच्या बंदुका उडवणाऱ्यांची त्यांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि १९६८च्या त्यांच्या कायद्याने या जुन्या घडणीच्या बंदुका इतर हत्यारांपासून वेगळ्या काढल्या आहेत. काही राज्यांचे नियम तेवढे निराळे.

आपल्याकडचा कायदा मात्र आधीच सांगून टाकतो. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक तयार करणे, दुरुस्त करणे, इतकेच काय, तिची चाचणी घेणे हेही परवान्यावाचून करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदूक घडवणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप ठेवली आहे. तेव्हा देहूच्या तरुणाला उत्तर एका शब्दात मिळाले. परंतु हाच प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे फार मोठ्या आकारात उभा होता, आणि त्यांनी त्याचे काय केले हे पाहण्याजोगे आहे.

आधी संच म्हणजे काय ते समजून घ्यावे. त्यात नळी तयार येते, चाप तयार येतो, आणि अक्रोडाचा किंवा मेपलचा दस्ता अर्धामुर्धा कोरलेला येतो. नवशिक्याने नळी लाकडात बसवायची, चापाची जागा नीट करायची, नळीच्या कानाशी रंजकाची वाटी नेमकी जुळवायची, घासायचे, तेल पाजायचे. ऐकायला सोपे वाटते. जाणते लोक मात्र सांगतात की अर्धे कोरलेले लाकूड कधी कधी कोऱ्या फळीपेक्षा अवघड. कारखान्याने खाच जरा तिरकी मारली असेल तर लाकूड काढता येते, घालता येत नाही. कान वाटीपासून केसभर वर-खाली झाला की रंजक भुर्रकन जळते आणि बार तसाच राहतो. ‘फुसका बार’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. ‘ठासून सांगणे’, ‘बत्ती देणे’ हेही त्याच घरचे.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट नवशिक्याच्या हाती कधीच दिली जात नाही, ती म्हणजे नळी. आणि जीव तर तिच्यावरच. नळी फुटली तर डोळा गेला, हात गेला. ‘ऐने अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या कारखान्याची हकिगत दिली आहे. पूर्वीच्या नळ्या पाव भागाहून अधिक भरल्या की फुटत. मग लोखंडाची पट्टी चपटी करून ती तिरकी पीळ देत गुंडाळायची आणि काठावर काठ चढवून जोडायची रीत काढली, तेव्हा नळी तोंडापर्यंत भरली तरी टिकू लागली. नळ्या आतून साफ करण्यासाठी गाईने फिरवायचे चाक होते, त्यावर एका वेळी सोळा नळ्या लागत. बादशहाच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. युरोपातही हेच दुखणे होते, म्हणून लंडनच्या बंदूककारांनी सतराव्या शतकात आणि बर्मिंगहॅमने १८१३ मध्ये प्रत्येक नळी जादा दारू भरून तपासण्याची घरे काढली. शिक्का नसलेली नळी शहाण्याने हाती धरायची नाही.

बरे, नळी चांगली असली तरी भरणारा माणूस नवशिका असतोच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या रणावर सुमारे सत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या चोवीस हजार भरलेल्या निघाल्या आणि त्यांतही निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. एकीत तर तेवीस! गडबडीत चाप ओढला, बार उडाला नाही, हे कळलेच नाही. शेजाऱ्याच्या आवाजालाच आपला समजून बिचाऱ्याने पुन्हा गज घातला.

दारूची काळजी आपल्या माणसांनी घेतली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १७१५च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहा. दारूखाना घराजवळ नसावा, सदरेपासून दूर असावा, भोवती कूस असावे, तळघराला गच करावा, दारू सर्द होऊ देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. आजच्या कारखान्याच्या भिंतीवर चिकटवता येईल असा हा मजकूर आहे. दिवाळीच्या दिवसांत हेही सांगायला हवे की, याच दारूचा खेळकर अवतार आपल्या दरबाराने मनापासून पाहिला. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दारूकामाचे, त्यातल्या लंकादहनाचे वर्णन सवाई माधवरावांना ऐकवले, आणि बाळ पेशव्यासाठी तसा देखावा पर्वतीशी घडवला गेला, असे बखरीत आहे.

बंदुकीत मात्र आपण संचावर राहिलो. तोड्याची बंदूक गावोगाव होती. लोहार नळी करी, सुतार दस्ता करी, शिकलगार घासूनपुसून देई. थोरल्या माधवरावांनी पुण्यात तोफा ओतण्याचा कारखाना घातला, आणि जुन्नरकडच्या आंबेगव्हाण आणि ओतूर येथे गोळे होत. आणि या सामग्रीने काम केलेही. १७७९च्या जानेवारीत राघोबादादांना घेऊन मुंबईची इंग्रज फौज घाट चढून आली, तेव्हा कार्ल्याजवळ त्यांचा स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. पुढे तळेगावी मागे फिरताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि वडगावी तह करून मान सोडवली. देहूहून हे सारे एका सकाळीच्या वाटेवर आहे. भिवराव पानसे यांच्या तोफखान्याने त्या दिवसांत इंग्रजांना दम घेऊ दिला नाही.

पण चकमकीच्या चापाची बंदूक, संगिनीसकट, एकसारखी हजारोंनी हवी झाली आणि तिथे आपले घोडे अडले. महादजींनी मार्ग काढला. दबॉयन या सॅव्हॉयच्या सरदाराला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा आणि बंदुका होऊ लागल्या. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तो दहा रुपयांत करून देई असे नमूद आहे. दहा रुपये! हे काही संच जोडणे नव्हते. नळीपासून चापापर्यंत सारे येथल्या भट्टीत, येथल्या कारागिरांच्या हातून होत होते. माझ्या मते मराठ्यांच्या लष्करी इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. पानिपतावर आपण जेवढी शाई खर्च केली तिचा शतांश आग्र्याच्या या कारखान्यावर केली असती तर बरे झाले असते.

कारण पुढे घात झाला तो लोखंडात झाला नाही. १८०३ मध्ये असईला वेलस्लीने शंभराच्या आसपास तोफा जिंकल्या आणि त्यांची घडण पाहून तो खूष झाला. पितळी तोफा आपल्या चाकरीत घेण्याजोग्या आहेत असेच त्याचे मत होते. पण लढाईपूर्वीच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अंमलदारांना बोलावून घेतले. सप्टेंबरात अलीगढ पडले, सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला, ऑक्टोबरात आग्रा गेले. कारागीर आपले होते, भट्टी आपली होती. सगळे भाग एकत्र कसे बसवायचे आणि कोणाच्या शब्दावर उडवायचे हे ज्यांना ठाऊक, ते परके होते. सत्तावन्नचा भडका ज्या काडतुसावरून उडाला ती एन्फिल्डही ठासणीचीच रायफल, पण ती विलायतेहून तयार आलेली. त्यानंतर शस्त्रबंदीचे कायदे आले, १८७८चा सर्वांत कडक, आणि खेड्यातल्या लोहाराने बंदुकीची नळी करणे हा गुन्हा ठरला. उरली ती कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक, रानडुकरे आणि माकडे हाकण्यापुरती, शेती संरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक आली की ती बिचारी पोलीस ठाण्यात जमा होते, आणि डुकरांना आचारसंहिता ठाऊक नसते.

तर नवशिक्याने संच घ्यावा काय? देहूत राहणाऱ्याने नाही. त्याने पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जाऊन जुनी हत्यारे निवांत पाहावीत, दस्ता आणि नळी यांचा जोड कसा बसवला आहे ते डोळ्यांनी शिकावे. पण ज्यांचे भाऊ-भाचे अमेरिकेत आहेत, आणि तेथल्या राज्याचा नियम ज्यांच्या आड येत नाही, त्यांना मी घ्या म्हणेन. आधी एक हंगाम दुसऱ्याची तयार बंदूक जाणत्याच्या देखरेखीखाली उडवावी, भरण्याची शिस्त अंगवळणी पडू द्यावी. मग संच आणून लाकडात हवे तितके चुकावे, कारण बिघडलेला दस्ता पुन्हा करता येतो. नळी मात्र तपासणीचा शिक्का असलेलीच घ्यावी, मागचे बूच अनुभवी माणसाकडून पाहून घ्यावे, आणि पहिला बार खांद्याला लावून न उडवता बंदूक ओंडक्याला बांधून, आडोशामागे उभे राहून, लांब दोरीने ओढावा.