नलगोंड्याचे पाणी आणि दातांतील कळ

थंड पाण्याचा घोट घेताच दातांत कळ का उठावी, या साध्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला फार उशिरा गवसले. दाताच्या कठीण कवचाखालील थरात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. कवच झिजले किंवा हिरडी मागे सरली की त्या उघड्या पडतात. गारव्याने आतील द्रव हालतो व मज्जातंतू चाळवतात. गिझी यांनी १९०० साली हे सुचविले होते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले.

झीज बहुधा वापराने होते. परंतु जेथे कवच घडतानाच बिघडते, तेथे काय?

सिकंदराबादहून गुंटूरकडे निघालेली आगगाडी बिबीनगर मागे टाकून नलगोंड्यास पोहोचते. तेथील ग्रॅनाइट खडकातून विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडचे असे पाणी, जबड्यात पक्के दात घडत असताना, मुलांच्या पोटात गेले की दात खडूसारखे पांढरे वा तपकिरी पट्ट्यांचे निघतात. विकार बळावला तर कवचाचे टवके उडतात. हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत. विटेच्या भुकटीने वा कोळशाने घासल्यास उरलेसुरले कवचही झिजते व कळ वाढते. ‘दात घासत नाहीस काय?’ असे विद्यार्थ्याला दरडावणाऱ्या मास्तरांनी हे ध्यानी ठेवावे.

अमेरिकेत मॅके यांना १९०१ साली कोलोरॅडोत असेच दात आढळले. कारण कळावयास १९३१ साल उजाडले. आपल्याकडे १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून या विकाराची नोंद केली. विलक्षण हे की, अत्यल्प प्रमाणात हेच द्रव्य दातांना किडीपासून वाचविते. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यात आले.

उपाय नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने काढला. तुरटी व चुना मोजून घालावयाचा, पाणी ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा; फ्लोराइड गाळाबरोबर तळाशी जाते. घरच्या बादलीतही हे जमते. या रीतीस ‘नलगोंडा तंत्र’ असेच नाव पडले.

२०१६ साली सुरू झालेल्या ‘मिशन भगीरथ’ योजनेने नदीचे पाणी नळाने नेण्याचे काम हाती घेतले. एकदा घडलेले दात मात्र पाणी बदलल्याने बदलत नाहीत. विहिरींवर वाढलेल्या पिढीला मऊ ब्रश, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आणि दंतवैद्याचा लेप यांवरच भागवावे लागते.