भोपळा इकडे आला, खत तिकडे गेलं

म्हातारीला पोटात घेऊन रानातून सुखरूप घरी आणणारा भोपळा आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण परड्यातला लाल भोपळा मूळचा आपला नव्हे, असं कोणी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल का? दुधी आपल्याकडे फार जुना. लाल भोपळ्याचं कूळ मात्र अमेरिकेतलं. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला आणि त्यानंतर मका, मिरची, बटाटा यांच्याबरोबर भोपळाही जगभर पसरला.

याच कुळात एक कोवळा भाऊ आहे. त्याला उन्हाळी भोपळा म्हणू. शहरातल्या बाजारात तो झुकिनी या नावानं मिळतो. मेक्सिकोत ओअहाका प्रांतात गिला नाकीत्झ नावाची गुहा आहे. तिथं या जातीच्या लागवडीच्या बिया सापडल्या. त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचं १९९७ साली प्रसिद्ध झालं. आता गंमत पाहा. रानभोपळ्याचा गर कडूजहर! तेव्हा माणूस आधी बियाच खात असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. ज्या वेलाचं फळ कमी कडू, त्याचं बी राखायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि गर तोंडात घेण्याजोगा झाला. हे काम कोणा पंडिताचं नव्हे, बी राखणाऱ्या हातांचं.

त्या लोकांनी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावला. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची रुंद पानं ओल धरून तण दाबतात. ज्वारीत तुरीची ओळ धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. पुढे हा भोपळा युरोपात गेला. इटलीत १९व्या शतकात त्याची झुकिनी झाली. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'छोटे भोपळे' असा आहे.

हे फळ कोवळंच तोडावं, सालीसकट चिरावं. त्यात पाणी फार, म्हणून मोठ्या आचेवर झटपट परतावं आणि मीठ शेवटी घालावं. झाकून शिजवलंत तर लगदा होतो. मेक्सिकोत त्याची फुलंही खातात. आपल्याकडे कोकणात भोपळ्याच्या फुलांची भजी होतात, तसंच हे. एक मात्र ध्यानात ठेवा : फोड कडू लागली तर भाजी टाकून द्यावी. तो जुना कडूपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही. दुधीलाही हाच नियम.

आता परतीचा प्रवास ऐका. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा येथे आले. आपले खरे शिक्षक इथले शेतकरीच, असं ते सांगत. १९२४ ते १९३१ या काळात, होळकरांच्या इंदुरात, त्यांनी खताची एक पद्धत बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ढीग वेळोवेळी उलथायचा, की तीन महिन्यांत खत तयार! १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर झालं. १९४२ साली अमेरिकेत रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, ते हॉवर्ड यांच्या विचारांनी भारून जाऊनच.

त्याच अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर एक नवी रीत सुरू झाली. गिऱ्हाइकानं हंगामाआधीच पैसे द्यायचे आणि मग पिकेल त्यातला वाटा घ्यायचा. पीक उदंड आलं तर टोपलीभर उन्हाळी भोपळे, बुडालं तर तोटाही वाटून घ्यायचा. पेरणीच्या तोंडाशी सावकाराचं दार ठोठावणाऱ्याला या रिवाजाचं मोल चटकन कळेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या आवारात भोपळ्याचा एक वेल लावा, शेजारी खताचा खड्डा करा. उत्तम फळाचं बी मुलांना राखायला सांगा. इतिहास फक्त राजेरजवाड्यांनी घडवला नाही, बी राखणाऱ्यांनी आणि खत कुजवणाऱ्यांनीही घडवला, हे त्यांना पुस्तकाआधी त्या वेलापाशी उमजेल.