कोयता आणि यंत्र

आमचे सावदा म्हणजे केळीचे गाव. तथापि शेजारच्या फैजपुरास सहकारी साखर कारखाना निघाल्याने उसाची तोडही आम्ही जवळून पाहिली. सहकाराची ही वाट १९५० साली प्रवरानगरने घालून दिली. रस काढण्याचे काम बैलांच्या चरकावरून यंत्राकडे केव्हाच गेले. तोडणी मात्र हातीच राहिली. उचल घेऊन येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’च म्हणतात, हत्याराचे नाव माणसास चिकटले! ऑस्ट्रेलियात गेल्या शतकातच यंत्राने कोयता हटविला. ते बुंध्याशी ऊस कापते, त्याचे तुकडे करते, पंख्याने पाचट उडविते. मात्र त्यास रुंद सऱ्या व मोठी शेते लागतात. आता ते महाराष्ट्रातही आले आहे. वाकलेली पाठ सरळ व्हावी, हे कोणास नको? परंतु रिकाम्या झालेल्या त्या हातांस काम कोणते, हा हिशेबही यंत्राच्या किमतीबरोबरच मांडला पाहिजे.